झग्याच्या खिशातला उपास

त्या शनिवारी चर्चच्या तरुण संघाचा उपास होता. सकाळी सात ते संध्याकाळी पाच, पाण्याखेरीज काही नाही. आणि सात वाजायला दहा मिनिटं कमी असताना पाळकसाहेब आपल्या काळ्या झग्याच्या खिशांत दोन उकडलेली अंडी, लोणी लावलेला ब्रेड, दोन केळी, बिस्किटांचा पुडा आणि फळांच्या रसाची खोकी कोंबत होते. उपासाची तारीख त्यांनीच ठरवली होती. गेल्या रविवारी चोरून खाणाऱ्यांवर चाळीस मिनिटं बोलून मंडळीला घाम फोडला होता, तोही त्यांनीच.

शनिवारी झगा घालायचं खरं तर काही कारण नव्हतं. पण त्यांच्या कपाटात एवढे खोल खिसे असलेलं दुसरं काही नव्हतं.

खाणं चिंगीचं होतं. चिंगी म्हणजे त्यांची तेरा वर्षांची एकुलती एक लेक. नवव्या वर्षी तिला मधुमेह झाला, रोज इन्सुलिन टोचून घ्यावं लागणारा. तिच्या दंडावर बटणाएवढा सेन्सर होता आणि तो दर पाच मिनिटांनी रक्तातल्या साखरेचा आकडा तिच्या फोनवर आणि तिथून आईबापांच्या फोनवर पाठवायचा. गेल्या चार वर्षांत पाळकांनी बायबल उघडलं नसेल तितक्या वेळा तो आकडा पाहिला होता. याबद्दल ते रोज रात्री क्षमाही मागत.

या वर्षी चिंगी तरुण संघात दाखल झाली आणि म्हणाली, "मी पण उपासाला येणार."

"डॉक्टर काय म्हणालेत, माहितीय ना?"

"उपाशी राहायचं नाही, माहितीय. पण पाळकांचीच मुलगी घरी बसली तर कसं दिसेल? मी नुसती सगळ्यांबरोबर बसणार."

चिंगीची आई हॉस्पिटलात नर्स. तिने तिथल्या तिथे निकाल दिला. "बसू दे. खाणं वेळेवर, इन्सुलिन वेळेवर. आणि अहो, आकड्यावर लक्ष ठेवा. मला विचारायला लावू नका."

"आणि हे कुणालाही सांगायचं नाही," चिंगीने बोट रोखलं. "पप्पा, शपथ?"

पाळकांना शपथ घेता येत नाही, बायबलात मनाई आहे. त्यांनी नुसता शब्द दिला. तो शपथेहून महाग पडतो, हे त्यांना शनिवारी दुपारी कळायचं होतं.

दारात मंडळीचे सेक्रेटरी उभे होते. हे गृहस्थ जन्मभर शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले. उपासावर देखरेख करायला कुणीही न सांगता आले होते.

"झग्यात? शनिवारी?" त्यांचे डोळे भरून आले. "याला म्हणतात गांभीर्य!" आणि त्यांनी पाळकांना कडकडून मिठी मारली. डाव्या खिशात काहीतरी कट्कन फुटलं.

"सांधे वाजतात वाटतं तुमचे," सेक्रेटरी काळजीने म्हणाले.

पाळक डावा खिसा सांभाळत आत सरकले.

सकाळ तशी बरी गेली. अठ्ठावीस पोरं गाणी म्हणत होती, गटागटाने वाचत होती, अधूनमधून घड्याळ बघत होती. पाळकांचा स्वतःचा उपास मात्र अगदी खरा होता. त्यांच्या पोटात कावळे ओरडत होते आणि खिशातून लोण्याचा वास वर येत होता. दर थोड्या वेळाने फोन थरथरायचा आणि बायकोचा एकच शब्द उमटायचा, "किती?" पाळक गुपचूप आकडा लिहून पाठवायचे.

दोन वाजता जेवणाची वेळ झाली. पाळकांनी चिंगीला खूण केली आणि दोघं व्यासपीठामागच्या छोट्या खोलीत गेली. चिंगीने ब्रेड आणि अंडी नजरेने मोजली, तेवढ्या खाण्याचं इन्सुलिन पेनने पोटाला टोचलं आणि जेवायला बसली. दोन्ही अंडी संपली, ब्रेडला सुरुवात झाली आणि दारावर थाप पडली.

"पाळकसाहेब! आत आहात का?"

चिंगी मागच्या दाराने पसार झाली. पाळकांनी उरलेला ब्रेड खिशात टाकला, पण टेबलावरची टरफलं राहिली.

सेक्रेटरींनी ती बराच वेळ न्याहाळली. "हे काय आहे?"

"अंड्याची टरफलं."

"ते मला दिसतंय. अंडी कुठायत?"

"पोटात गेली."

"या खोलीत तुमच्याशिवाय कोण आहे?"

"आत्ता? कुणी नाही."

खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं सांगायचं नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. सेक्रेटरी खुर्चीत मटकन बसले. "पाळकसाहेब, मोह कुणाला होत नाही? मी कुणाकडे बोलणार नाही. पण आता पाच वाजेपर्यंत तुम्हाला क्षणभरही एकटं सोडणार नाही. अशा वेळी माणसाला सोबत लागते."

आणि ते पाळकांचा दंड धरून त्यांना सभागृहात घेऊन गेले.

खुर्चीवर टेकल्यावर पाळकांच्या लक्षात आलं. चिंगीने इन्सुलिन घेतलं होतं सगळ्या जेवणाचं, आणि ब्रेड, ज्यासाठी ते मुख्यतः घेतलं, तो होता त्यांच्या खिशात. आता साखर उतरणार. किती आणि किती वेगाने, एवढाच प्रश्न होता.

पावणेतीनला आकडा होता एकशे बारा. तीन वाजता चौऱ्याण्णव, पुढे खाली तोंड केलेला बाण. चिंगी सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला भिंतीशी बसली होती. पाळकांनी तिच्याकडे बघून बोटं तोंडाशी नेली. सेक्रेटरींनी तो हात हळूच खाली घेतला. "पाणी प्या. बरं वाटेल."

चिंगीने तिकडून अंगठा दाखवला आणि पुन्हा गाण्याच्या पुस्तकात डोकं घातलं. अंगठा म्हणजे काय? ठीक आहे, की आण लवकर? पाळकांना काही उमगेना. फोन थरथरला. "किती?" त्यांना उत्तर टाइप करवेना.

त्यांनी रसाचं एक खोकं गाण्याच्या पुस्तकात दडपलं आणि शेजारच्या मुलीला म्हणाले, "हे पुढे चिंगीपर्यंत जाऊ दे." पुस्तक मुलीकडे पोचायच्या आत सेक्रेटरींनी ते अडवलं. "उरलेली गाणी आता प्रार्थनेनंतर," असं म्हणून ते पुस्तकावर बसले. पुस्तकातून बारीकसा फुस्स आवाज आला आणि सेक्रेटरी चमकून उठले. त्यांची पँट मागून संत्र्याच्या रंगाची झाली होती.

ते काही बोलणार इतक्यात मौन प्रार्थना सुरू झाली. अठ्ठावीस डोकी खाली झुकली. टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती, आणि नेमका तेव्हाच पाळकांचा फोन कोकलायला लागला.

"हा कसला गजर?" सेक्रेटरी दातओठ खात पुटपुटले.

"आठवण आहे."

"कशाची?"

"खायची," पाळकांच्या तोंडून निघून गेलं.

"खायची तुम्ही गजर लावून आठवण ठेवता?"

पहिल्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. पाळकांना ते ऐकूही आलं नाही. पडद्यावर अडुसष्ट होतं आणि बाण सरळ खाली. दहाव्या वर्षी चिंगी एकदा स्वयंपाकघरात फरशीवर पडलेली त्यांना सापडली होती. डोळे उघडे होते, पण ती बापाला ओळखत नव्हती. त्या दिवसापासून ही भीती त्यांच्या छातीवर बसली होती, आणि प्रार्थनेने ती हलायची पण उठायची नाही. पाळकांनी मनात म्हटलं, शब्द गेला चुलीत, आणि ते उठून धावले.

सेक्रेटरींनी झगा धरला. कवायतीतल्या माणसाची पकड ती. टर्रकन खिसा फाटला आणि ब्रेड, दोन केळी, बिस्किटांचा पुडा आणि रसाची दोन खोकी एकेक करत फरशीवर आली. केळी घरंगळत पहिल्या रांगेपाशी जाऊन थांबली. अठ्ठावीस डोकी वर झाली.

"ऐका!" पाळक ओरडले. "हे खाणं माझं नाही. हे चिंगीचं आहे. तिला..."

"मधुमेह आहे," अख्खा तरुण संघ एका सुरात म्हणाला.

पाळक गर्रकन वळले. भिंतीशी चिंगी एका हाताने रसाचं खोकं धरून शांतपणे पीत होती. तिच्याशेजारी गिटार वाजवणारा लंबू मनगटावरच्या घड्याळात बघत होता.

"पप्पा, दहा मिनिटं झाली मला प्यायला लागून. हे दुसरं खोकं. साखर वाढली तरी सेन्सरचा आकडा मागून येतो, विसरलात का?"

"तीन ते चार माझी ड्युटी असते," लंबू म्हणाला. "चार वाजता ती चष्मेवाली."

सेक्रेटरी भानावर आले. "ड्युटी? सगळ्यांनी बॅगा उघडा!"

बॅगा उघडल्या. प्रत्येकीतून काही ना काही निघालं. रस, बिस्किटं, ग्लुकोजच्या गोळ्या, जॅमच्या चिमुकल्या डब्या. सेक्रेटरींचा चेहरा उतरला. "म्हणजे अख्खा संघच?"

"नाही हो, सर!" लंबू म्हणाला. "आम्ही सकाळपासून उपाशीच आहोत. हे सगळं चिंगीचं आहे. पहिल्याच दिवशी तिने आम्हाला शिकवून ठेवलंय काय करायचं ते."

पाळक लेकीकडे वळले. "मग कुणाला सांगू नका, असं का म्हणालीस मला?"

"म्हणजे प्रवचनात सांगू नका, पप्पा! माझा दुधाचा दात पडला तोसुद्धा तुम्ही भर मंडळीत सांगितला होता."

"आणि यांना माहितीय, हे तरी सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही दर पाच मिनिटांनी एकेकाला फोन केला असता."

पाळकांना नाही म्हणता येईना. त्यांना खोटं बोलायचं नव्हतं.

पण फोन अजून एकसष्ट आकडा दाखवत होता, आणि तो बघून पाळकांचा चेहरा जो पडला, तो बघून संघ घाबरला. चष्मेवालीने बिस्किटं पुढे केली, कुणी जॅम, कुणी गोळ्या. "बास, पुरे," चिंगी म्हणत होती, पण एकेकाचं मन तिला मोडवेना. सर्वांत कडी केली ती सेक्रेटरींनी. एका निष्पाप माणसाला चोर ठरवल्याचं त्यांना इतकं लागलं होतं, की त्यांनी केळं स्वतःच्या हाताने सोललं आणि समोर उभे राहून हुकूम सोडला, "खा! पूर्ण!" चिंगीने पूर्ण खाल्लं. मग दुसरंही.

पाच वाजता आकडा दोनशे सत्त्याऐंशी होता आणि बाण छताकडे.

उपास सोडायची प्रार्थना झाली. मोठ्या पातेल्यातलं गरम सूप आणि पाव आला आणि संघ त्याच्यावर तुटून पडला. सेक्रेटरी तर कमरेला टॉवेल गुंडाळून तीन वाट्या प्यायले. चिंगीने मात्र सूप दुरूनच पाहिलं. साखर उतरवायचं इन्सुलिन तिने टोचून घेतलं होतं, आणि फोनवरून आईचा हुकूम आला होता, "अर्धा तास तिला तोंडात काही घालू देऊ नका. आणि तुम्ही घरी या, मग बोलू."

लंबू वाटी घेऊन आला. "चिंगे, तुझं सूप?"

"नको," चिंगी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "माझा उपास आहे."

पाळक आपली वाटी घेऊन तिच्याशेजारी बसले. आदल्या रात्रीपासून त्यांच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. त्यांनी चमचा उचलला, लेकीकडे पाहिलं आणि खाली ठेवला.

थोड्या वेळाने चिंगी म्हणाली, "पप्पा, मला भूक लागलीय."

चार वर्षं हे वाक्य कानावर पडलं की घरात धावपळ उडायची. कुणी रस आणायला पळायचं, कुणी बोटाला सुई टोचायला. तिला नुसती भूक लागू द्यायची चैन कुणालाच परवडली नव्हती. पाळकांचा हात सवयीने झग्याकडे गेला. मग त्यांनी फोन पाहिला. दोनशे बासष्ट.

"लागू दे," ते म्हणाले.

चिंगीने चमकून बापाकडे पाहिलं. मग ती खूश होऊन भिंतीला टेकली, पोटावर दोन्ही हात ठेवले आणि तिथे बसून सगळ्यांना खाताना बघत राहिली.