चिऊ, तुज्या आईला सांग

आमच्या समोरच्या फ्लॅटमधली गोदूमावशी घरच्या मालकिणीशी सगळं बोलायची, पण एका पाच महिन्यांच्या बाळामार्फत!

मी पहिल्यांदा विरजण मागायला गेले, तेव्हा बाळाची आई मीनल ओट्याशी उभी आणि मावशी दोन हातांवर चिऊला घेऊन. "चिऊ, तुज्या आईला सांग, गॅस संपलाय." चिऊने लाळेचा फुगा काढला. मीनल वळलीसुद्धा नाही. "चिऊ, मावशींना सांग, मग फोन करून ठेवायचा होता." मी विरजण न घेताच घरी आले. म्हटलं, वसईत काय काय बघायचंय अजून!

भांडण झालं होतं ते एका अक्षरावरून. मीनलचा नवरा बोटीवर, तिची नोकरी मुंबईत, म्हणून मिठागराकडच्या गावातली ही मावशी चोवीस तास राहायला आणलेली. पहिल्याच आठवड्यात मीनल म्हणाली, "मावशी, पानी नाही, पाणी म्हणा. बाळाला तीच सवय लागेल." झालं! "माज्या पान्याला कदी कोनी नावं नाय ठेवली," म्हणून मावशीने जे तोंड फिरवलं, ते फिरवलंच. काम मात्र चोख. चिऊला तेल चोळताना अशी लाडीगोडी चालायची की ऐकत राहावं.

गंमत पुढे झाली. चिऊ बोलायला लागली आणि खरोखरच निरोप पोचवू लागली. "आई, गोदू म्हनते, तुला अक्कल नाय." मावशीचा चेहरा असा पडला की मी हसू दाबायला गॅलरीत पळाले. मीनल हसली नाही. चिऊ पडली की "गोदू" म्हणून रडायची, तेही तिला दिसत होतंच की.

मग बालवाडीचा प्रवेश आला. बाईंनी चित्र दाखवून विचारलं, "मासा कुठे राहतो?" चिऊ ठसक्यात म्हणाली, "पान्यात!" बाई हसल्या, प्रवेशही दिला. पण ते हसणं मीनलच्या जिव्हारी लागलं. घरी आल्या आल्या ती मावशीसमोर उभी राहिली. "मावशी, पुढच्या महिन्यापासून चिऊला पाळणाघरात ठेवणार आहे. तुम्ही आपली सोय बघा."

इतक्या दिवसांनी थेट बोलली, आणि काय बोलली! मला भयंकर राग आला. एका अक्षरापायी माणूस काढतात का हो? मावशी कणीक मळत राहिली.

ती निघाली त्या सकाळी मी तिच्यासाठी भाकरी बांधून नेली. चिऊला मुद्दामच आधी पाळणाघरात सोडलं होतं. मावशीने पिशवी उचलली, दारापर्यंत गेली आणि थांबली. रिकाम्या खोलीकडे बघत म्हणाली, "चिऊ, तुज्या आईला सांग, हापिसातून डबा अर्धा परत आनत जाऊ नको. तिच्याकडं बगनारं कोन नाय आता."

मला तर रडूच फुटलं. मीनल दाराची कडी धरून तशीच उभी होती.

"चिऊ," शेवटी ती म्हणाली, "मावशीला सांग, बस जरा. पानी पिऊन जा म्हणावं."

मावशीने पिशवी खाली ठेवली.