एका थेंबाचा खेळ

आमच्या शेजारचे करमरकर काका मार्च महिनाभर कोटाच्या आतल्या खिशात साजूक तुपाची बाटली बाळगतात. नाकात औषध घालायची असते तशी छोटी, ड्रॉपरवाली. थंडीने तूप थिजू नये म्हणून ती छातीशी ठेवायची. बाकीची माणसं त्या खिशात पाकीट ठेवतात.

कारण मेपल सिरप. इथे ॲन आर्बरला काकांच्या मागच्या अंगणात मेपलची तीन झाडं आहेत. थंडी सरत आली की काका त्यांना भोकं पाडून नळ्या ठोकतात, बादल्या अडकवतात आणि जमलेला रस विटांच्या चुलीवर दिवसभर आटवतात. चाळीस लिटर रस आटला की जेमतेम लिटरभर सिरप हाती लागतं. पहिल्या वर्षी हा उद्योग स्वयंपाकघरात झाला होता आणि वाफेने भिंतीवरचा कागद सुटून खाली आला. "घर उकडून काढलं यांनी," असं काकू अजून सांगतात. हेच सिरप दुकानात मिळतं, असं मी एकदा म्हणून पाहिलं. "उद्या दुकानात मुलंही मिळतील, आणशील?" काका म्हणाले.

रस आटत आला की त्याला फेस येतो आणि लक्ष नसलं तर दुधासारखा उतू जातो. त्यात तुपाचा एक थेंब टाकला की फेस गपकन खाली बसतो. एवढीच ही विद्या. पण काकांनी तिचं कीर्तन केलंय. रविवारी जेवणाच्या आशेने युनिव्हर्सिटीतली चार मराठी मुलं येतात, तीच श्रोते. फेस कडेला आला की काका हात वर करतात. "कुणी बोलू नका." मग थेंब. मग फेस खाली. मग काका मुलांकडे वळून, "बघितलंत? सगळा खेळ एका थेंबाचा आहे." नागपूरच्या एका मुलाने, तो केमिस्ट्रीत पीएचडी करतोय, यामागचं शास्त्र सांगायला घेतलं. काकांनी शांतपणे ऐकलं आणि दिवसभर त्याला लाकडं वाहायला लावली.

मी तर त्याहून मोठा गुन्हा केला. "काका, तेलानेही बसतो म्हणे फेस," असं बोलून गेलो. "तेल?" काका म्हणाले. "मी काय भजी तळतोय?" तेव्हापासून ते माझी ओळख 'आमचा तेलवाला' अशी करून देतात.

प्रत्येक बाटलीला त्यांच्या हातची चिठ्ठी असते. तारीख, तापमान, तुपाचे थेंब. मला मिळालेल्या एका बाटलीवर लिहिलं होतं, 'थेंब तीन. तिसरा अनावश्यक. शेजारी बडबडत होता.'

एवढा थेंबाथेंबाचा चोख माणूस, पण स्वतःच्या मुलीच्या ताटात मात्र त्यांना थेंब कळला नाही. जुई इथेच जन्मली, आता दूर पार्सिपनी गावी नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला ती व्हीगन होऊन आली, म्हणजे दूध, दही, तूप सगळं बंद. काकांनी वरणभातावरच्या तुपाबद्दल अर्धा तास व्याख्यान दिलं. ती बधली नाही. मग ती पाणी आणायला उठली तेव्हा त्यांनी तिच्या वरणात गुपचूप तूप सोडलं. पहिल्याच घासाला तिला वास आला. "एका थेंबाने काय होतंय," काका म्हणाले. जुई ताटावरून उठली, बॅग भरली आणि गेली. त्यानंतर ती आलेली नाही. फोन करते, पण आईला. तिचा फोन वाजला की काका कचऱ्याचा डबा घेऊन बाहेर जातात, डबा रिकामा असला तरी. मला त्यांचा तेव्हा राग आला होता, अजूनही थोडा आहे.

या मार्चमध्ये एका सकाळी मी त्यांची शिडी परत करायला गेलो. काका चुलीपाशी एकटेच होते. नेहमीच्या परातीएवढ्या भांड्याऐवजी चुलीवर एक लहान, कोरं करकरीत पातेलं होतं. फेस वर आला. काकांनी खिशात हात घातला नाही. विटेमागून एक वेगळी बाटली काढली आणि एक थेंब टाकला. फेस बसला.

"काय बघतोस?" ते म्हणाले. "करडईचं आहे. पातेलं नवं आहे, यात तूप कधी गेलेलं नाही."

आयुष्यात पहिल्यांदाच मला टोमणा मारायची संधी होती आणि ती घ्यावीशी वाटली नाही.

"तू ऑफिसच्या कामाला पार्सिपनीला जातोयस ना? जुईला दे. तू केलंयस म्हणून सांग."

"तिला पटेल?"

"न पटायला काय झालं? तेलवाला तूच ना."

बाटलीवर चिठ्ठी नव्हती.

पार्सिपनीला जुईने बाटली उघडली, चमच्यावर थोडं सिरप घेतलं आणि चमचा खिडकीकडे तिरका धरून धार बघत राहिली. अगदी काकांसारखी.

"दादा, हे तू केलंस? तुझा तर चहापण उतू जातो यार."

"मीच केलं. नो डेअरी. करडईचं तेल टाकलंय. पातेलंसुद्धा नवं घेतलंय."

"पातेलं नवं घेतलं?" ती माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाबांनी ऑइल टाकलं?"

मी बुटांकडे बघितलं. खोटं बोलणं मला कधी जमलेलं नाही.

परत आलो तो शनिवारी. काका चुलीपाशीच होते.

"काय म्हणाली?"

"तुम्ही केलंय हे ओळखलं तिने. पातेलं नवं आहे, एवढं मी बोलून गेलो."

"तेवढं एक सांगायला नको होतं," ते म्हणाले. "एक काम धड..."

तेवढ्यात काकू दारात आल्या. "अहो, जुईचा फोन आहे."

काका सवयीने कचऱ्याच्या डब्याकडे वळले.

"तुम्हाला बोलावतेय," काकू म्हणाल्या.

चुलीवर फेस चढत होता. काकांनी भांड्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, खिशातून तुपाची बाटली काढली आणि माझ्या हातात दिली. ती त्यांच्या अंगाने कोमट झालेली होती. "एकच," ते म्हणाले आणि बूटही न काढता घरात गेले.

मी घाबरून तीन थेंब टाकले. अर्ध्या तासाने काका बाहेर आले, चुलीपाशी बसले, भांड्याकडे बघत राहिले. थेंब किती टाकले ते त्यांनी विचारलंच नाही.