मास्तर, वारा कुठचा?

आमच्या शेजारच्या राऊतकाकांच्या गच्चीवर बारा महिने एक केशरी परकर फडकत असतो. गल्लीत नवा भाडेकरू आला की त्याला वाटतं, म्हाताऱ्यांचा कपडा वाळत राहून गेला. एकाने तर भलेपणाने तो काढून, घडी घालून आणून दिला. काका त्याच्याशी सहा महिने बोलले नाहीत. "त्याला कुणी पाठवला होता?" एवढंच मला पुन्हापुन्हा विचारत राहिले.

तो परकर वाळत घातलेला नसतो. त्याचं एक तोंड शिवून अरुंद केलंय आणि दुसरं तारेच्या कड्यात ओवून बांबूला बांधलंय. वाऱ्याची दिशा कळावी म्हणून कारखान्यांवर कापडी पिशवी लावतात, तिची ही घरगुती आवृत्ती. काकांनी तारापूरच्या एका रासायनिक कारखान्यात तीस वर्षं काढली. निवृत्त होताना लोक शाल-श्रीफळ घेऊन घरी येतात, काका संशय घेऊन आले. तसे बोईसरजवळच्या या सरावलीत आम्ही सगळेच वासाला सरावलेले आहोत. आमची शाळकरी पोरंसुद्धा नाक वर करून आज काय शिजतंय ते सांगतात. काकांना त्या वासांचं काही वाटत नाही. "वास आला तर बरा, मास्तर. वास नाय आला म्हंजे घाबरायचा," असं त्यांचं म्हणणं.

मी शाळेत भूगोल शिकवतो. या एका अपराधापायी रोज सकाळी दात घासत असताना भिंतीपलीकडून हाक येते, "मास्तर, वारा कुठचा?" परकर त्यांच्याच डोक्यावर असतो, पण त्याच्यावरही काकांचा पुरता विश्वास नाही. मी 'डोंगराकडचा' म्हटलं की ते नुसतं 'हूं' करायचे. 'समुद्राकडचा' म्हटलं की आत जाऊन खिडक्यांच्या कड्या तपासायचे, कारण समुद्राचा वारा आमच्याकडे येतो तो कारखान्यांच्या डोक्यावरून. तशा त्यांच्या खिडक्या बारा महिने बंदच असायच्या. फटींना चिकटपट्टीसुद्धा लावलेली. त्यांच्या घरात चहा प्यायला बसलं की पेटीत बसल्यासारखं वाटायचं.

गेल्या दिवाळीनंतर काकू केळव्याला भावाच्या वाडीत गेल्या, त्या परतल्याच नाहीत. काका म्हणत, "हवापालट." गल्ली म्हणे, रुसून गेल्या. मी मात्र काकूंचं दारातलं वाक्य माझ्या कानांनी ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, "माझा जीव घुसमटतो इकडं. मना नाय राहवत आता." आणि रिक्षात बसल्या.

काकांनी त्या वाक्यावर महिनाभर विचार केला. दुसऱ्या एखाद्या नवऱ्याने केळव्याला जाऊन चार शब्द गोड बोलून पाहिलं असतं. काकांनी आधी झोपायच्या खोलीत एसी बसवला. मग घोषणा केली, "घराचा झाला. आता रस्ता राहिला." म्हणजे केळव्याहून निघून पालघरवरून सरावलीला यायचा रस्ता. शेवटच्या टप्प्यात टँकर, धूर आणि कारखाने. बसला काचा धड नाहीत, रिक्षाला काचाच नाहीत. "गाडी गार झाली की काचा लावून आणतो तिला. इकडचा एक श्वास वाटेत घ्यायला नको."

गाडी म्हणजे काकांच्या सासऱ्यांची जुनी पद्मिनी. ती वाडीत माडाखाली कैक वर्षं उभी होती आणि तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत. काकांनी फोन करून मेव्हण्यांकडून ती मागून घेतली आणि त्यांनी ती टेंपोत घालून आणून दिली. मेव्हणे हसून मला म्हणाले होते, "ताय लहानपणी पुढच्या सीटला बसायची. कोपर खिडकीभाईर, केस वाऱ्यावर. बाबा वरडायचे नुसते." काका तेव्हा चाकांत हवा आहे का ते बघत होते. त्यांनी ते ऐकलं नसावं.

मिस्त्री मिळाला शकीलभाई. मूळचा उत्तर प्रदेशचा, बोईसरला वीस वर्षं गाड्यांचे एसी दुरुस्त करणारा. पत्रा, रंग, इंजिन सगळं रीतसर झालं आणि एसीचा विषय निघाला तेव्हा त्याने हातच जोडले. "काका, इस गाड़ी में कंपनी ने एसी की जगह ही नहीं रखी. कॉम्प्रेसर कहाँ बिठाऊँ? आपकी गोद में?"

काका म्हणाले, "जागा हाय. मी मोजली हाय."

आणि खरंच मोजली होती. इंजिनाच्या बाजूला पट्टी वेल्ड करून कॉम्प्रेसर, रेडिएटरच्या पुढे जाळी, डॅशबोर्डखाली थंड हवेचा डबा. जुना डायनॅमो पंख्याला पुरणार नाही म्हणून त्याच्या जागी अल्टरनेटर. पण काम चालू झालं तसा काकांचा संशयही कामाला लागला. मिस्त्री सुटे भाग बदलतो, या शंकेने त्यांनी प्रत्येक भागावर खूण केली. काकू मागे ठेवून गेलेल्या लाल नेलपॉलिशने. शकीलभाई कॉम्प्रेसर हातात घेऊन मला म्हणाला, "मास्टरजी, ये शादी में जा रहा है क्या?"

खरी गाडी अडली ती गॅसवर. "काका, अब बस गैस भरनी है," असं शकीलभाई सहज बोलून गेला. काका दोन पावलं मागे सरले.

"कुठला गॅस?"

"एसी का गैस, काका. और कौनसा?"

"वास हाय त्याला?"

"बिलकुल नहीं! एकदम साफ."

तो बिचारा मालाचं कौतुक करत होता. काकांचा चेहरा पांढरा पडला. शकीलभाईने समजूत घालायला सांगितलं, की घरच्या फ्रिजमध्येही गॅसच असतो. झालं, दुसऱ्या दिवशी काकांचा फ्रिज बंद होऊन अंगणात आला आणि खोलीतल्या एसीचं बटणही बंद झालं. तीन आठवडे पद्मिनी काकांच्या दारात तशीच उभी. शेवटी एका संध्याकाळी भिंतीपलीकडून काकांचा फोन ऐकू आला. ते काकूंना रोज सातच्या सुमाराला फोन करत आणि दोन-तीन वाक्यांत आटपत. "तिकडं वारा कुठचा हाय?... बरा... जेवलीस?" त्या दिवशी काकूंनी काहीतरी विचारलं असावं. काका म्हणाले, "येतो. गाडी घेऊनच येतो." सकाळी त्यांनी शकीलभाईला बोलावणं धाडलं.

गॅस भरला तो दिवस आमची गल्ली कधी विसरणार नाही. भर दुपार. शकीलभाईने गाडीला नळ्या लावल्या, काका ओला पंचा नाकाला बांधून दहा हातांवर उभे. कुठल्यातरी सांध्यातून फुसफुस झाली आणि शकीलभाई फोनवर आपल्या दुकानात ओरडला, "अरे, गैस लीक हो रहा है! पूरा निकल गया!"

बोईसरच्या माणसाला यापुढचं काही ऐकावं लागत नाही. समोरच्या घरातून किंकाळी आली. दोन मिनिटांत गल्लीत माणसंच माणसं, प्रत्येकाच्या नाकावर ओलं फडकं, कुणाच्या काखेत पोर, कुणाच्या हातात भाकरीचा तवा. माझी बायको माझा भिजवलेला बनियन मला बांधत होती. आणि एखाद्याने हुकूम सोडावा तसे सगळ्यांनी एकदम माना वर करून काकांच्या गच्चीकडे पाहिलं. परकर पूर्वेकडे फुगला होता. काका वर्षानुवर्षं सांगत आले होते तसे सगळे वाऱ्याला आडवे, उत्तरेकडे धावत सुटले.

काका हातात गळती शोधायच्या साबणाच्या फेसाची वाटी घेऊन मागून ओरडत होते, "एसीचा हाय! फक्त एसीचा हाय!" पण पंच्यातून आवाज बाहेर येईना.

तासाभराने सगळे परतले. जे काही बोलायचं ते लोकांनी बोलून घेतलं. मला वाटलं, काका आता खचणार. ते पायरीवर बसले होते. माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, "मास्तर, बघितलास? सगळे आडवे पळाले. वाऱ्याच्या पुढं एक नाय पळाला." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला ते पंच्याचं वाटलं.

सांधा घट्ट झाला, गॅस पुन्हा भरला आणि मेच्या पहिल्या रविवारी आम्ही केळव्याला निघालो. मला सोबत घेतलं ते वारा सांगायला. गाडी आतून खरंच गार पडली. एक अडचण होती. एसी लावला की पद्मिनी चढाला दमायची. वाटेतल्या पुलाच्या मध्यावर ती थांबायच्या बेतात आली, तेव्हा काकांनी एसी बंद केला, पूल चढवला आणि उतारावर पुन्हा चालू केला. काच मात्र बोटभरही खाली केली नाही. करणार तरी कशी, आपल्या बाजूची आणि मागची हँडलं त्यांनी काढूनच टाकली होती. फक्त काकूंच्या बाजूचं राहिलं होतं. ते का ठेवलं, असं मी विचारलं. काका म्हणाले, "स्क्रू सडला हाय, निघत नाय." मला ते पटलं नाही.

वाडीत काकू बाहेर आल्या. रिकाम्या हाती. पिशवी नाही, बॅग नाही. काकांनी ते पाहिलं आणि रेडिएटरमध्ये पाणी घालायला घेतलं. काकू माझ्याजवळ उभ्या राहून त्यांच्या पाठीकडे बघत होत्या.

"तुमाला मोरेश्वर ठावका हाय, मास्तर? यांच्या पाळीचा. टाकीजवळ काम होता. हे म्हणाले, जाऊ नको. तो म्हणाला, कसलाच वास नाय रे. आणि गेला तो गेलाच. त्या दिसापासून घरात खिडकी उघडली नाय. मी किती वर्षं काय बोलले नाय. मंग माझाच जीव घुसमटायला लागला."

त्या पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. काका आत आले, एसी लावला आणि निकाल लागायची वाट बघणाऱ्या पोरासारखे काकूंच्या तोंडाकडे बघत राहिले. थंड हवा त्यांच्या केसांवर आली. "बरा हाय," काकू म्हणाल्या. मग त्यांनी हात खाली नेला आणि हँडल फिरवायला सुरुवात केली. काच कुरकुरत खाली गेली. काकूंनी कोपर बाहेर टेकवलं.

"अगो, गारवा जाईल!"

"जाऊदे."

"हवा... बाहेरची हवा..."

"हवेनं नाय घुसमटले मी," काकू म्हणाल्या. "बंद खिडक्यांनी घुसमटले."

इतक्या महिन्यांची खटपट, लाल खुणांचा कॉम्प्रेसर, सगळी गल्ली पळवणारा गॅस. मला काकांकडे बघवेना. ते दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसले होते. तसेच म्हणाले, "तुला काय झाला असता तर मी काय केला असता?" आणि हात पुढे करून त्यांनी एसी बंद केला.

काकू उतरून घरात गेल्या. काका समोरच्या माडाकडे बघत राहिले. "गेली," एवढंच म्हणाले. दहा मिनिटांनी काकू आल्या. हातात कपड्यांची पिशवी होती.

येताना पद्मिनी एका दमात पूल चढली. कारखाने आले तेव्हा काकांचा हात दोनदा काकूंच्या हँडलकडे गेला आणि दोनदा परत आला. घरापाशी उतरल्यावर काकूंनी वर पाहिलं. "माझा परकर अजून हाय?" त्या म्हणाल्या. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून चिकटपट्टी सोलल्याचा आवाज बराच वेळ येत होता.

आता दुपारी काकू खिडकीजवळच्या पलंगावर झोपतात आणि खिडकी सताड उघडी असते. काका खुर्ची घेऊन खिडकीला लागून बसतात, नाक गजांच्या बाहेर काढून. काकू उठेपर्यंत हलत नाहीत. परवा मी शाळेतून येत होतो. त्यांनी बोट ओठांवर ठेवलं आणि कुजबुजले, "मास्तर, वारा कुठचा?"

मी वर पाहिलं. परकर गळून सरळ लोंबत होता. वारा कुठचाच नव्हता. दोन रात्री जागल्यासारखे त्यांचे डोळे मिटत होते.

"डोंगराकडचा," मी म्हणालो.

काकांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. मग खुर्चीच्या पाठीला डोकं टेकवलं.