सीलबंद सांता

सोमवारी सकाळी वर्नन श्लुटरने बोलिंग क्लबच्या पार्किंगमधल्या, जुने कपडे दान करायच्या पेटीला सील ठोकलं, तिचे चारी बाजूंनी फोटो काढले आणि दिवसभर मोठ्या समाधानात घालवला. संध्याकाळी घरी येऊन तो आरशासमोर उभा राहिला आणि सांताक्लॉजचा पोशाख अंगावर चढवून बघायला त्याने काळी पिशवी उघडली. आतून बायकोचे बोळे झालेले स्वेटर आणि त्याचीच कॉर्डरॉयची जुनी पँट निघाली.

"ओपल!" तो ओरडला. "माझा सांता कुठाय?"

"मला काय विचारतोस? तुझ्या गाडीत होता," स्वयंपाकघरातून आवाज आला. "आणि ती चर्चच्या विक्रीची पिशवी परत घरात कशाला आणलीस? महिना झाला, गाडीतून फिरवतोयस तिला."

वर्नन पलंगावर मटकन बसला. गाडीच्या मागच्या सीटवर दोन काळ्या पिशव्या होत्या. त्यातली एक त्याने सकाळी स्वतःच्या हाताने पेटीत टाकली होती, आणि तीही पुराव्यासाठी.

वर्नन एल्डरटन गावाचा नियम निरीक्षक. कुणाचं गवत घोट्याच्या वर गेलं, कचऱ्याचा डबा दुपारनंतरही रस्त्यावर राहिला, की याची गाडी दारात उभी आणि दाराला नोटीस. माणूस वाईट नव्हता. फक्त नियम म्हटला की त्याच्या अंगात यायचं. डायनरमध्ये तो काउंटरपाशी बसला की शेजारची स्टुलं आपोआप रिकामी होत. लोक त्याला तोंडावर 'साहेब' म्हणत आणि पाठीमागे जे म्हणत ते इथे सांगण्यासारखं नाही.

त्यात यंदा गावात जुन्या कपड्यांच्या पेट्यांचं पेव फुटलं. रात्रीतून कुठेही एखादी लोखंडी पेटी उगवायची. कुणी ठेवली, कपडे कुठे जातात, कुणाला पत्ता नाही. लोक तिच्या आजूबाजूला फाटक्या गाद्या टाकून जात, एकाने तर संडासाचं भांडं ठेवलं. नगर परिषदेने वर्ननला नियमावली लिहायला सांगितलं, आणि वर्ननने ती अशी रंगून लिहिली की सभासदांनी शेवटपर्यंत न वाचताच हात वर केले. तिच्यातलं तिसरं कलम म्हणत होतं की सील लावण्यापूर्वी पेटी वापरात असल्याची खात्री निरीक्षकाने प्रत्यक्ष कपडे टाकून करावी. म्हणून वर्ननने गाडीतून हाताला लागली ती पिशवी काढली, पेटीत सोडली, धप्प असा आवाज ऐकला, मान डोलावली आणि सील ठोकलं.

"मग जा आणि सील काढ," ओपल हात पुसत दारात येऊन म्हणाली. "तूच लावलंस ना?"

"कलम चार. सील लावल्यावर पेटी चालवणाऱ्या परवानाधारक चालकाखेरीज कुणीही पेटी उघडू नये. 'कुणीही'खाली मी रेघ मारलीय."

"मग त्या चालकाला फोन कर."

"पेटीवर त्याचा नंबर नाही. म्हणून तर सील लावलं!"

ओपलने कपाळावर हात मारला. पण हसली मात्र नाही, कारण शनिवारच्या मिरवणुकीसाठी हा माणूस किती वर्षं जीव टाकत होता ते तिला ठाऊक होतं.

एल्डरटनचा सांता डिसेंबरात आगीच्या बंबावर बसून गावभर फिरतो. एवढी वर्षं तो मान क्लेटस बोमनचा होता. त्याच्या बायकोने, बिचारी आता नाही, बंद पडलेल्या थिएटरच्या मखमली पडद्याचा तो डगला शिवला होता आणि त्याला अग्निशमन दलाची पितळी बटणं लावली होती. गावातली पोरं मॉलमधल्या सांताला तोंडावर 'खोटा' म्हणत, कारण त्याला बटणं नव्हती. यंदा क्लेटसचे गुडघे बंबाच्या शिडीला नाही म्हणाले. दरवर्षी न चुकता विचारणारा वर्नन एकटाच, तेव्हा क्लेटसने पिशवी त्याच्या हातात कोंबली. "घे बाबा. तू काही माझा पिच्छा सोडणार नाहीस."

मंगळवारी सकाळी वर्नन पेटीपाशी गेला तर बोलिंगचा मालक हर्शेल क्विग काचेच्या दारात कॉफीचा कप घेऊन उभाच होता.

"काय साहेब, पेटीला सोबत करायला आलात?"

"हर्शेल, जागा तुझी आहे. ही पेटी तू उघडू शकशील?"

"मी? छे! कलम चार आहे ना."

"तू वाचलंस?" वर्ननला आश्चर्य वाटलं आणि थोडा आनंदही झाला.

"तोंडपाठ आहे. तुम्ही माझ्या पाटीवरची निऑनची बोलिंग पिन विझवल्यापासून संध्याकाळी गिऱ्हाईक नसतं. वाचायला वेळच वेळ." हर्शेलने खिशातून फोन काढला. "तुम्ही मात्र खुशाल उघडा. मी फक्त व्हिडिओ काढतो."

वर्नन तिथून निघाला तो तडक डोरीन पॅकवुडच्या सलूनमध्ये. डोरीन नगर परिषदेची अध्यक्ष. ती एका बाईच्या डोक्याला रंग लावत होती.

"मालक सापडत नसेल तर गावातला कुणीही अर्ज करून त्या पेटीचा चालक होऊ शकतो," ती मागे न वळता म्हणाली. "तूच लिहिलंयस, वर्नन. कर की अर्ज."

"कुणाकडे करू?"

"नियम निरीक्षकाकडे," डोरीन म्हणाली, आणि खुर्चीतली बाई इतकी हसली की रंग तिच्या कानावर ओघळला.

वर्ननने अर्ज भरला, तो आपल्याच टेबलावर ठेवला, टेबलाला वळसा घालून खुर्चीत बसला, चष्मा लावला, अर्ज काळजीपूर्वक वाचला आणि फेटाळला. पेटीचा रंग पोपटी होता. नियमाप्रमाणे फक्त बिस्किटी चालत होता.

बुधवारी तो ब्रश घेऊन पेटी रंगवायला उभा राहिला. डिसेंबरच्या थंडीत रंग वाळेना, म्हणून ओपल डोरीनच्या सलूनमधला केस वाळवायचा ड्रायर घेऊन आली आणि हर्शेलकडून वायर ओढून पेटी वाळवत बसली. हर्शेलने वीज दिली, पण वायर रस्त्याच्या कडेवरून जाते म्हणून तक्रारही दिली. ती वर्ननकडेच आली आणि त्याला ती दाखल करून घ्यावी लागली.

दुसऱ्यांदा केलेला अर्ज झाडांवर अडकला. पेटी रस्त्यावरून दिसू नये म्हणून तिच्याभोवती बारमाही हिरव्या झाडांचा आडोसा हवा होता, आणि जमीन तर दगडासारखी गोठलेली. मग वर्ननने ख्रिसमसची तोडलेली झाडं आणून बादल्यांत रोवली. तोडलेलं झाड बारमाही धरायचं का, यावर गुरुवारी सकाळी त्याच्या केबिनमध्ये मोठाच वाद झाला. बाहेर बसलेल्या कारकून बाईंनी नंतर सांगितलं की आत कुणीच माघार घ्यायला तयार नव्हतं, आणि आत तर वर्नन एकटाच होता.

वादात अर्जदार जिंकला, पण दुपारपर्यंत कुणीतरी त्या झाडांवर रंगीत दिवे सोडले. चर्चच्या बायकांना वाटलं, गावाने नवीन देखावा केलाय, त्यांनी ख्रिस्तजन्माच्या देखाव्यातली पुतळ्याची मेंढी आणून ठेवली. मेंढीमागोमाग गाढव आलं. पोरं फोटो काढायला रांग लावून उभी राहिली. आता तो आडोसा न राहता विनापरवाना सजावट झाला होता, आणि वर्ननला स्वतःच्या नावाने नोटीस काढणं भाग पडलं. ती त्याने गाढवाच्या गळ्यात अडकवली.

"पुरे झालं, वर्नन," ओपल रात्री जेवताना म्हणाली. "दुसरा डगला विकत आण."

"पोरं ओळखतील."

"मग क्लेटसकाकांना खरं काय ते सांग. नाहीतर दुसरं कुणीतरी बसेल बंबावर."

वर्ननने काटा ताटात ठेवला. ओपलने मग तो विषय काढला नाही, नुसता त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

शुक्रवारी संध्याकाळी वर्ननच्या परवान्यावर परिषदेपुढे जाहीर सुनावणी होती. एरवी अशा सुनावणीला परिषदेचे सभासदसुद्धा कसेबसे येतात. त्या दिवशी अख्खं एल्डरटन थर्मास आणि घोंगड्या घेऊन मॅचला यावं तसं लोटलं होतं. प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं.

"मला पेटीबद्दल काही म्हणायचं नाही," पहिल्या म्हातारीने माईक ओढला. "मला माझ्या अंगणातल्या प्लास्टिकच्या बगळ्यांबद्दल बोलायचंय."

"बाई, विषय पेटीचा आहे," डोरीन म्हणाली.

"बगळे माझे याच माणसाने उचलायला लावले. आता बोला, याच्यावर पेटी सांभाळायचा भरवसा ठेवायचा?"

तिच्यामागून कुंपणवाले आले, कचऱ्याचे डबेवाले आले, ज्याच्या नातवाने पदपथावर लिंबू सरबत विकलं होतं तो आजोबाही आला. वर्नन खाली मान घालून ऐकत बसला. नोटिसा देताना त्याने प्रत्येक घराचा नंबर पाहिला होता, त्या घरातली तोंडं अशी समोर ओळीने कधीच पाहिली नव्हती. त्यांचं बोलणं काही खोटं नव्हतं.

शेवटी मनसोक्त बोलून लोक दमले आणि परवाना मंजूर झाला. सगळा गाव वर्ननच्या मागे बोलिंगच्या पार्किंगकडे निघाला. वर्ननने नव्या चालकाच्या अधिकारात सील काढलं, कुलूप तोडलं, कमरेपर्यंत आत वाकला आणि काळी पिशवी बाहेर ओढली. रंगीत दिव्यांत पितळी बटणं चमकली. तेव्हा कुठे लोकांना कळलं की या गाढवपणात काय अडकलं होतं. क्लेटसने छातीवर हात ठेवला.

"एक मिनिट!" हर्शेल पुढे आला. "कलम सात."

वर्ननच्या तोंडचं पाणी पळालं. ते कलम त्याच्या डोक्यातूनच गेलं होतं.

"पेटीतली कुठलीही वस्तू," हर्शेल चवीने म्हणू लागला, "चालकाने स्वतःसाठी घेऊ नये. गावातल्या गरजू माणसालाच द्यावी. गरजू कोण, हे परिषदेने जाहीर सुनावणीत ठरवावं. आणि गरजूने आपली गरज स्वतःच्या तोंडाने सांगावी."

"काय रे हे!" डोरीन म्हणाली. "बिचाऱ्या गरिबाला चारचौघांत उभं करायचं? असलं कलम लिहिलं तरी कुणी?"

सगळे वर्ननकडे बघू लागले. वर्नन डगला छातीशी धरून उभा होता, आणि त्याचं त्यालाच कळत होतं की हे वाक्य लिहिताना आपण समोर माणूस धरलाच नव्हता.

"सुनावणी मी अजून संपवलेली नाही," डोरीनने पर्समधून सभेचा लाकडी हातोडा काढला आणि पेटीवर आपटला. हातोड्याला बिस्किटी रंग चिकटला. "या डगल्याची गरज कुणाला आहे? त्याने पुढे यावं."

कुणी हललं नाही. झाडांवरचे दिवे तेवढे लुकलुकत होते. मग वर्नन एक पाऊल पुढे आला.

"मला," तो म्हणाला.

"गरज सांगावी लागेल," हर्शेल म्हणाला, पण मघाचा जोर नव्हता.

"माझी गाडी गल्लीत वळली की तुम्ही पडदे ओढता. ओढा, माझं काही म्हणणं नाही. मी येतोच तसल्या कामाला." वर्ननने घसा खाकरला. "पण क्लेटसकाका बंबावरून यायचे तेव्हा याच गल्लीतले लोक दार उघडून बाहेर पळत यायचे. मी कोपऱ्यावर उभा राहून बघायचो, रहदारीच्या नावाखाली. मला वाटायचं, एकदा... एकदाच कुणीतरी मला बघून बाहेर पळत यावं. बस, एवढंच आहे."

बगळेवाल्या म्हातारीने नाक पुसलं. ओपल दुसरीकडेच बघत होती.

"आयला," हर्शेल शेवटी म्हणाला. "या गावात याच्याइतका गरजू माणूस मी तरी पाहिला नाही. अनुमोदन."

हातमोज्यांतले हात एकामागून एक वर गेले. वर्नन श्लुटर अधिकृतपणे गरजू ठरला. तशी नोंद व्हावी असा आग्रह त्याने स्वतःच धरला.

शनिवारी बंब निघाला. वर्नन वर बसून घसा बसेस्तोवर हो-हो-हो करत होता. गल्लोगल्लीचे दरवाजे उघडत होते, लोक स्वयंपाकाचे एप्रन बांधलेले तसेच बाहेर येत होते, आणि दाढीआड त्याचे गाल ओले झाले ते थंडीने झाले असं त्याने नंतर ओपलला सांगितलं. मिरवणूक संपल्यावर अग्निशमन केंद्रात पोरं ओळीने त्याच्या मांडीवर बसू लागली. एक दात पडलेली मुलगी बसली, तिने आधी बटणं नीट तपासली आणि मग त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"सांता, मला बाहुली नको. फक्त एक काम कर."

"सांग की, बाळ."

"तो नोटिसा लावणारा माणूस आहे ना, त्याने माझं झाडावरचं घर पाडायला सांगितलंय. त्याला यंदा काहीसुद्धा देऊ नकोस."

सांताने तिच्याकडे पाहिलं.

"घराचं मी बघतो," तो हळूच म्हणाला. "पण त्याचं म्हणशील तर उशीर झाला, पोरी. त्याला कालच दिलं."