व्हर्जिलच्या गाडीचे हिसके

रविवारी सकाळी व्हर्जिल सेडलाचेकची एकतीस वर्षांची पिकअप चर्चसमोर थांबली, पण धड थांबली नाही. थांबता थांबता तिने तीन हिसके दिले. तिसऱ्याला जॅनेलच्या मांडीवरचं बटाट्याचं सॅलड पातेल्यासकट समोरच्या काचेवर जाऊन आदळलं.

"बाबा, पाय सांभाळा!" जॅनेल ओरडली.

"पाय जागेवर आहे माझा. गाडीच हिसके देतेय."

"साखरेनं पाय बधिर झालाय तुमचा. डॉक्टर सांगून थकले."

"डॉक्टरला गाडीतलं काय कळतंय?"

जॅनेल त्याची एकुलती एक मुलगी. अठरा वर्षं शाळेची बस चालवतेय, बर्फातसुद्धा एका पोराच्या हातातलं दूध सांडू दिलेलं नाही. तिच्यापुढे काय बोलणार, कप्पाळ! शेवटी काच पुसता पुसता दोघांचं ठरलं. शनिवारी ती स्वतः पिकअप चालवून बघेल. दोष गाडीचा निघाला तर किल्ली बाबांकडे, पायाचा निघाला तर तिच्याकडे.

व्हर्जिल गावापासून चौदा मैलांवर एकटा राहतो. किल्ली गेली की धान्याच्या कोठारावरची मित्रांसोबतची सकाळची कॉफी गेली. बायकोच्या, डोरिसच्या थडग्यावर जाणंही मग दुसऱ्याच्या सवडीनं. ती जाऊन तीन वर्षं झाली, पण त्यानं तिथला एक दिवस चुकवला नव्हता. त्या रात्री म्हातारा जेवला नाही.

सोमवारी त्यानं पिकअप डेलमारच्या शेडमध्ये नेली. डेलमार म्हणजे त्याचा शाळासोबती, आणि ट्रॅक्टरपासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्याचा डॉक्टर. डेलमारनं गाडी घेऊन कोठाराला चक्कर मारली. चार वेळा ब्रेक दाबला. गाडी अगदी लोण्यासारखी थांबली. तो परत आला तेव्हा व्हर्जिल दारातच उभा होता, टोपी दोन्ही हातांत धरून.

"काय रे? देते ना हिसका?"

डेलमारनं खाली बघून हात पुसले. "देते की. चांगलाच देते."

आता बोला! पण आमच्या नेब्रास्कात माणसाला 'तू थकलास' असं तोंडावर कोणी सांगत नाही. त्यापेक्षा त्याच्या गाडीचा एखादा भाग बदलतात.

सोमवारीच मागची चाकं फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा बदलला. व्हर्जिलनं चालवून बघितली, तर हिसका होताच. मंगळवारी वेंडल आला. वेंडल कॉफीच्या टेबलावरचा तिसरा. त्यानंही एक चक्कर मारली, डेलमारकडे बघितलं आणि छातीठोक सांगितलं, "मागचे ब्रेक एकदम पकडतायत." ब्रेक बदलले, हिसका कायम. बुधवारी गिअरबॉक्सखालचं रबर, गुरुवारी इंजिनाखालचं. शुक्रवारपर्यंत निम्मी गाडी नवी झाली आणि व्हर्जिलचा चेहरा मात्र जुन्याहून जुना दिसायला लागला.

"उद्या जॅनेल बसली की संपलं," व्हर्जिल गेल्यावर वेंडल हळूच म्हणाला. "एखादा नट सैल करून ठेवू का?"

"डोकं फिरलंय का तुझं? आत बापलेक बसणार आहेत!"

करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

शनिवारी जॅनेल स्टिअरिंगवर बसली, व्हर्जिल शेजारी. कोठाराजवळच्या 'थांबा' लिहिलेल्या पाटीशी तिनं ब्रेक दाबला आणि गाडीनं असा हिसका दिला की म्हाताऱ्याची टोपी नाकावर आली.

"बघितलंस? बघितलंस ना!"

चर्चपाशी पुन्हा हिसका. व्हर्जिलच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. "पाय नाही, गाडी! मी काय सांगत होतो?"

"हो बाबा," जॅनेल म्हणाली. "गाडीच आहे."

तिचा आवाज चिरका आला, म्हणून त्यानं वळून बघितलं. डोळे भरले होते पोरीचे. मग त्यानं खाली, तिच्या पायाकडे बघितलं. पुढच्या वळणावर तो पाय ब्रेकवर आपटला, सुटला, परत आपटला. हुबेहूब त्याच्या स्वतःच्या पायासारखा.

त्यानं तोंड खिडकीकडे वळवलं. त्याला रडू येत होतं आणि ते त्याला तिच्यासमोर नको होतं.

"जॅनेल," शेवटी तो म्हणाला, "बारा वर्षांची असताना तू ह्याच गाडीतून अंड्यांच्या टोपल्या आणल्या होत्यास. एक अंडं फुटलं नव्हतं."

"बाबा, मला..."

"राहू दे, पोरी. आता नीट चालव."

तिनं नीट चालवली. चौदा मैलांत एकही हिसका बसला नाही. घरासमोर गाडी कधी थांबली ते त्याला कळलंसुद्धा नाही. तिनं किल्ली काढून त्याच्यापुढे धरली, त्यानं किल्लीवर तिचीच मूठ मिटवली.

मग तो उतरायला गेला, तर दार उघडेना. त्यानं कडी ओढली, खांदा लावला, डेलमारला दोन शिव्या घातल्या.

"त्या बाजूची कडी आतून चालतच नाही," जॅनेल म्हणाली. "काच खाली करा आणि बाहेरून उघडा. आई तसंच करायची."

"कधीपासून?"

"मी शाळेत होते तेव्हापासून."

व्हर्जिल तसाच बसून राहिला. एकतीस वर्षांत ह्या बाजूला तो आज पहिल्यांदा बसला होता.

"मला एका शब्दानं बोलली नाही ती!"

"आई म्हणायची, त्यांना सांगितलं तर अख्खं दार खोलून बसतील, आणि चर्चला उशीर होईल."

व्हर्जिलनं काच खाली केली, हात बाहेर घातला आणि चाचपडत कडी शोधू लागला.