पावलसरावांचे पोशिंदे

पावलसरावांच्या हातावर कुणी पैसे ठेवले, की ते लगेच कनवटीला लावत नसत. देणाऱ्याच्या तोंडाकडे बघत आधी विचारायचे, "खुशीनं देऊन राहिले का?" उत्तराला जरा उशीर झाला, की पैसे परत! मदत मागत फिरणारा आणि मिळालेली परत करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. नंतरही नाही.

अमेरिकेत लढाई पेटली होती आणि इकडे अमरावतीत कापसाला सोन्याचे दिवस आले होते. मी साताऱ्याकडून आलेला, एका मारवाडी शेठजींच्या आडतीवर कारकून. गावात भाव सोडून दुसरे बोलणे नव्हते. अशात एके सकाळी पावलसराव पेढीची पायरी चढले. डोक्याला वऱ्हाडी पागोटे आणि अंगात कुण्या साहेबाचा जुना काळा डगला. बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. पूर्वी ते सखाराम होते, ख्रिस्ती झाल्यावर पावलस झाले.

शेठजींनी विचारले, "माल कोनता?"

"माल नाई, शेठजी. मी वार्ता सांगत फिरतो. मले पगार नाई. माह्या पोटापाण्याचा भार चार लोकांनी उचलावा, म्हणून आलो."

"वार्ता?" शेठजी सावरून बसले. "चांगली का वाईट?"

"वाईट काहून असन? मोठी आनंदाची वार्ता आहे."

वार्ता म्हणजे कापसाच्या भावाचीच, असे धरून शेठजींनी पुढचे ऐकलेच नाही. त्यांनी तिथल्या तिथे त्या दिवसाचा सौदा थांबवला. आणि गंमत म्हणजे चार दिवसांत भाव खरोखरच चढला. शेठजींनी पावलसरावांना बोलावून घेतले आणि मूठभर रुपये पुढे केले.

"खुशीनं देऊन राहिले का?"

"एकदम खुशीनं! भाव अजून चढू दे म्हणून."

"मंग नको," म्हणून पावलसराव पायरी उतरून गेले.

शेठजींना हा अपमान वाटला. मग वेगळाच संशय आला. एवढे रुपये नाकारणाऱ्याला त्याहून मोठा कुणीतरी देत असणार आणि ताजी खबरही तोच पुरवत असणार! त्या दिवसापासून पावलसराव दिसले, की शेठजी त्यांना बसवून घेत, चहूकडून विचारत. पावलसराव येशूचे दृष्टान्त सांगत. हरवलेले मेंढरू म्हणजे कोणत्या बाजारातला माल, यावर शेठजी दुपारभर डोके खाजवत बसत.

भाद्रपदात पावलसराव एक पत्र घेऊन माझ्याकडे आले. मुंबईच्या पादरीसाहेबांचे होते. दसऱ्यापर्यंत वऱ्हाडात तुम्हाला पोसणारे कोण आहेत, ते कळवा. नाहीतर मुंबईला या, शाळेत पंतोजीची जागा आहे, पगार आहे, राहायला खोली आहे.

"मग जा की!" मी म्हणालो.

"नाई जमत. तुमचं अक्षर चांगलं आहे, तुमी उत्तर लिवा. रहीमाबी पिंजारीण, दर आठवड्याले पायलीभर ज्वारी. शेषराव गाडीवान, अकोल्याले जाया-यायाले गाडीत जागा. गंगाराम न्हावी, दाढी."

"हे सगळे ख्रिस्ती आहेत?"

"नाई."

"होणार आहेत?"

"तसं त कोनी म्हणून नाई राहिलं."

"मग तुम्हाला देतात कशाला?"

पावलसरावांनी पागोटे मागे सरकवले. "मले बी समजून नाई राहिलं, मुनीमजी. पण खुशीनं देतात."

पुढे रहीमाबीकडून कळले, की तिच्या नवऱ्याला पटकी झाली तेव्हा सगळी गल्ली ओस पडली, आणि हा माणूस तीन दिवस त्याला पाणी पाजत उशाशी बसला होता. हे यादीत घालायला त्यांना सुचले नाही. दसऱ्याला पादरीसाहेबांचे उत्तर आले. 'यादी समजली नाही. सध्या तिथेच राहावे.'

मुंबईचा पगार सोडून हा माणूस इथे ज्वारीवर का राहतो, ते काही मला उमगेना. शेठजींना मात्र ते केव्हाच उमगले होते. मी कामासाठी अकोल्याला निघालो, तेव्हा त्यांनी बजावले, "थ्या पावलसवर नजर ठेव. खबर देनारा अकोल्यातच आहे."

शेषरावाच्या गाडीत आम्ही बरोबरच होतो. अकोल्याला उतरल्यावर पावलसरावांनी विहिरीवर तोंड धुतले, पागोटे नीट बांधले आणि एका बोळात शिरले. मी मागोमाग गेलो.

एका मातीच्या घराचे दार अर्धे लोटलेले होते. पावलसराव बाहेर, ओट्याखाली जमिनीवर बसले. आतून बाईचा आवाज आला.

"काहून इतके वाळले?"

"नाई वं. डगलाच मोठा आहे."

आत बारीक हसू ऐकू आले. मग दाराच्या फटीतून पत्रावळ पुढे सरकली. भाकर आणि अंबाडीची भाजी. पावलसराव सावकाश जेवले. गाय व्याली का, खोकला थांबला का, असे विचारत राहिले. जेवण झाल्यावर त्यांनी पत्रावळ उचलली, डगल्याच्या बाह्या वर सारल्या आणि कोपऱ्यातले शेण घेऊन आपण बसलो होतो ती जागा स्वतः सारवली. मोठ्या निगुतीने, काठापासून काठापर्यंत.

"येतो."

"पुढच्या पुनवेले भाऊ वावरात असन," आवाज म्हणाला.

परतीच्या गाडीत मला राहवले नाही. "घरच्या का?"

"हो. भावाकडे राहते. मी आत गेलो त जातीवाले थ्याले वाळीत टाकतीन." मग म्हणाले, "साहेब म्हणे, ती आपल्या धर्मात येत नाई त सोड तिचा नाद. मी म्हणलो, साहेब, मी देव बदलवला. बायको नाई बदलवली."

त्यांच्या नखांत शेण राहिले होते. ते एका काडीने काढत बसले. मी सुपारी कातरली आणि अर्धी त्यांच्या तळहातावर ठेवली. तोवर मी त्यांच्या हाताला कधी शिवलो नव्हतो.