वरच्या सभागृहाचा शेरा

"मीठ जास्त झालं तरी या घरात ठराव लागतो," गोजराबाई चुलीपाशी पुटपुटल्या. शेजारी कैऱ्या फोडत बसलेल्या सुनेला, नर्मदेला, ते नीट ऐकू आलं.

ठरावाचं खूळ सासऱ्यांचं. नरहरी तात्या चिंचणीच्या शाळेतून निवृत्त झाले आणि त्यांनी जाहीर केलं की हे घर आता दिल्लीच्या तोडीचं चालेल. स्वयंपाकघर हे खालचं सभागृह. गोजराबाई अध्यक्ष, नर्मदा, तिचा नवरा भगवंत आणि मुलगी सुलू सभासद. ओटी हे वरचं सभागृह. तिथे तात्या आणि शेजारचे धर्माजी. "खालचं पाच वर्षांत बरखास्त होतं," तात्या सांगत, "वरचं कधीच नाही." वरचे एक तृतीयांश सभासद दर दोन वर्षांनी निवृत्त होतात, हे वाक्य सुलूच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात होतं, तात्यांच्या भाषणात नव्हतं.

तसं बरं चाललं होतं. तात्यांचा चहा बशीऐवजी सतरंजीवर पडे, तेव्हा "बशीच वाकडी हाय" म्हणत गोजराबाई बशी बदलत. पेपर रोज सुलू वाचून दाखवी. तिचे उच्चार सुधारावेत म्हणून, असं तात्यांचं म्हणणं. यावर कोणी चर्चा मागितली नाही.

मग सुलू मॅट्रिक झाली आणि शिक्षिकेच्या ट्रेनिंगचा फॉर्म घरात आला. दोन वर्षं पालघरला राहायचं. शनिवारी शेवटची तारीख. खालच्या सभागृहात एकमताने मंजुरी मिळाली. बुधवारी सुलू मैत्रिणीकडे गेली होती, म्हणून नर्मदेनेच दोन कागद ओटीवर नेले. एक फॉर्म, घरातल्या कर्त्याच्या सहीसाठी. दुसरी लोणच्याच्या मसाल्याची यादी, कारण मसालाही वरून मंजूर व्हावा लागे.

संध्याकाळी दोन्ही लाल शाईत परत आले. यादीवर शेरा होता: "घरापासून इतक्या दूर पाठवणे योग्य नाही. पुनर्विचार व्हावा." आणि फॉर्मवर, आडवा: "मेथी निम्मी करावी. हिंग पुरेसा. बाकी मंजूर."

भगवंतने दोनदा वाचलं. "तात्यांनी थट्टा केली असेल."

"तात्यांनी? थट्टा?" नर्मदा म्हणाली.

धर्माजींना विचारलं. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "वरच्या सभागृहाचं बोलणं खोल असतं, सूनबाई. मेथी म्हंजे कडूपणा. तो निम्मा करा, असं असंल."

सुलू ओल्या फडक्याने शाई पुसत बसली. शाई गेली नाही, फॉर्म गेला.

शुक्रवारी नर्मदेने पदर खोचला. "तात्या, दोन सभागृहांचं जमेना तर संयुक्त बैठक. एकसष्ट साली हुंड्याच्या कायद्यापायी दिल्लीतही झाली होती, तुम्हीच सांगितलंत."

तात्यांना स्वतःचं भाषण खोडता येईना. "घ्या," ते म्हणाले.

"आणि तिथे खालच्या सभागृहाचे अध्यक्ष बसतात," सुलूने पुस्तकातून वाचलं. तेव्हा गोजराबाईंना ओटीवर पाट मिळाला. आजवर एकाही बैठकीत त्या बोलल्या नव्हत्या.

"पोरीला परगावी धाडायची घाई काय?" तात्यांनी सुरुवात केली. "तिचे उच्चार अजून कच्चे आहेत. रोज वाचायला बसल्याशिवाय..." पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.

मत घ्यायचं ठरलं. नर्मदा, भगवंत, सुलू, तिघांनी हात वर केले. धर्माजींनी इकडेतिकडे बघितलं आणि आपलाही केला. अध्यक्षांनी मोजायच्या आधी, सवयीने, तात्यांनीच ओटीभर नजर फिरवली.

"एकही हात नाही. विधेयक फेटाळलं."

हात तसेच वर राहिले. धर्माजी कौलं मोजू लागले. भगवंत खोकला.

गोजराबाई पाटावरून उठल्या आणि तात्यांच्या शेजारी जाऊन टेकल्या.

"चार हात हायेत वर. तुमचे धर्माजी धरून. तुमाला दिसत नाय, वरीस झालं, आमाला सगळ्यांना ठावं हाय. उद्या पहिल्या एस्टीनं दोघं पालघरला जा. तिला दुसरा फॉर्म, तुमाला डोळ्यांचा डॉक्टर."